पावसाळ्यात कानाचं मशीन का रुसतं

खानापूरचा पाऊस लागला की लेकाचं कानामागचं मशीन रुसायचं. शाळेतून तक्रार, ‘लक्षच देत नाही हो.’ मशीन तपासून आणलं, ठणठणीत. मग मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, उजेडात धरून बघितला तर त्याच्या नळीत दमटपणाचा बारीक थेंब. आवाज तिथंच अडत होता!

आता रात्री मोल्ड सोडवून नळीत छोट्या रबरी फुग्यानं हवा मारतो. बॅटरी काढायची, मशीन सिलिका जेल घातलेल्या घट्ट डबीत. चुलीजवळ वाळवायला ठेवू नका, मशीन बिघडतं. नारिंगी स्टिकरची १३ नंबर बॅटरी असेल तर स्टिकर काढून मिनिटभर तशीच ठेवा, तिला हवा लागावी लागते.

पण खरं काम केलं ते बाईंनी. प्रार्थनेनंतर त्या तोंडासमोर कागद धरतात, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि एकेक आवाज काढतात: आ, ई, ऊ, म्, स्, श्. ही ‘लिंग’ (Ling) चाचणी, सगळे आवाज ऐकू येतात का ते बघायची; नाव डॅनियल लिंग या माणसाचं. लेकानं ऐकलं तसं म्हणायचं. ‘ऊ’, ‘म्’ जाड आवाज, ‘स्’ एकदम बारीक. रोज म्हणणारा पोरगा एखादे दिवशी ‘स्’ला गप्प राहिला की बाई आधी नळी बघतात, रागवत नाहीत.

पत्र्यावर पाऊस कोसळला की मशीन तोही आवाज मोठा करतं. तेव्हा बाई फळ्यावर लिहितात, मग तोंड वर्गाकडे करून बोलतात. लेक पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब.