बॉल वर चढवला की झालं? नाकातून ऑक्सिजन देताना या चुका टाळा

सोलापुरात स्टाफमध्ये नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी आयसीयूचं काम शिकवते. अँटिबायोटिकचा डोस विचारला तर धडाधड सांगतात. ऑक्सिजन किती चालू आहे विचारलं की उत्तर येतं, "लावलाय ना, मॅडम." अहो, लावलाय ते मलाही दिसतंय. ऑक्सिजनच्या ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लागतात: मिनिटाला किती लिटर, कशातून आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बोटाच्या मशीनवरचा आकडा) कितीच्या दरम्यान ठेवायचं. तिसरी गोष्ट फाइलवर जवळजवळ कधीच नसते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

शंभर दिसायलाच हवं, हा हट्ट

कोरोनानंतर घरोघरी बोटाला लावायचं मशीन आलं आणि सगळ्यांना शंभराचं वेड लागलं. नातेवाईकांचं समजू शकते. पण स्टाफसुद्धा ९३ दिसलं की हात थेट नॉबवर नेतो. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांत बहुतेक प्रौढांसाठी ९४ ते ९८ टक्के लक्ष्य दिलं आहे. सीओपीडीसारख्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार), कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी ते ८८ ते ९२ आहे. हो, ८८. हा आकडा सांगितला की मुलं माझ्याकडे मी वेडी झाल्यासारखी बघतात.

एका उन्हाळ्यात तालुक्याहून अँब्युलन्सनं एक पेशंट आला. साठी ओलांडलेला, आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, विडी कधी सुटली नव्हती. चिठ्ठीत 'जुना दमा' एवढंच. तोंडावर मास्क, दहा लिटर, सॅच्युरेशन ९९. सोबतचा माणूस खूश होता. बायको तर मलाच गप्प करत होती, "सिस्टर, जरा हळू बोला की. रात्रभर तडफडत होते, आत्ता कुठं डोळा लागलाय. उठवू नका."

मी हात हातात घेतला. गरम, घामेजलेला, नाडी ठणठणीत उडत होती. "अण्णा, डोळे उघडा!" म्हणून खांदा हलवला तर डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. श्वास मिनिटाला दहासुद्धा नव्हते. ती झोप नव्हती, कार्बन डायऑक्साइडची गुंगी होती. एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, तेच आलं. डॉक्टरांनी बायपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावला, ऑक्सिजन ९० च्या आसपास सॅच्युरेशन राहील इतकाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मास्क काढा म्हणून आमच्याशी भांडत होते. असं भांडण मला चालतं. सगळ्यांच्या वाट्याला ते येत नाही.

हे का होतं? जास्त ऑक्सिजन मिळाला की फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिकडे शरीरानं आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिकडे वाया जातं. हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. श्वासही थोडा मंदावतो. मॉनिटर मात्र ९९ दाखवत राहतो, कारण त्या बोटाच्या क्लिपला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. टास्मानियातल्या अँब्युलन्समध्ये अशा रुग्णांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ८८ ते ९२ धरून मोजून ऑक्सिजन दिलेल्या गटात मृत्यू सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्या गटापेक्षा निम्म्याहूनही कमी होते.

आता यावर अतिशहाणे काय करतात, तर हे ऐकून ऑक्सिजन एकदम बंद करतात. ते आणखी वाईट. साठलेला कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो आणि सॅच्युरेशन आधी होतं त्याच्याही खाली कोसळतं. हळूहळू उतरवा: प्राँग्सवर (नाकात घालायच्या दोन टोकांच्या नळीवर) १-२ लिटर किंवा २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा मास्क), त्यावर छापलेल्या फ्लोवरच. आणि सॅच्युरेशन ७० पर्यंत उतरलेला, निळा पडलेला माणूस समोर असेल तर सीओपीडी आहे म्हणून ऑक्सिजन रोखून धरू नका. आधी द्या, सॅच्युरेशन वर आलं की मोजून कमी करा.

माझी सवय सांगते. फ्लोमीटरवर (आतल्या बॉलनं ऑक्सिजनचे लिटर दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर) मायक्रोपोरची चिकटपट्टी लावायची आणि मार्करनं लिहायचं: '८८–९२, २ लिटर', खाली वेळ आणि सही. नॉब हलवला की पट्टी नवी. त्यानंतर पाच मिनिटं पेशंटजवळ थांबायचं आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या चार्टवर सगळ्या वॉर्डाचा श्वास वीसच असतो. पट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे रात्री नातेवाइकानं 'जरा वाढवलं' तर सकाळी लगेच पकडता येतं.

साध्या प्राँग्सवर दहा लिटर

साध्या नेझल प्राँग्स प्रौढांमध्ये १ ते ६ लिटरपर्यंतच. ढोबळ हिशेब असा की लिटरमागे चार टक्के वाढतात. १ लिटरला २४, २ ला २८, असं करत ६ ला ४४. हाही अंदाजच, कारण धाप लागलेला माणूस भसाभसा खोलीतली हवाही ओढतो आणि टक्केवारी खाली येते. सहाच्या पुढे नाक कोरडं पडतं, रक्त येतं, डोकं दुखतं आणि हाती फारसं लागत नाही. सहावर भागत नसेल तर साधन बदला आणि डॉक्टरांना बोलवा. उलटी चूकही बघते: साध्या फेसमास्कवर २ लिटर. मास्कला किमान ५ हवेत, नाहीतर पेशंट आपलाच सोडलेला श्वास परत घेत बसतो.

फ्लोमीटरचा बॉल डोळ्यांच्या रेषेत आणून त्याच्या मध्यावर वाचा. उभ्या उभ्या वरून बघून ३ चे ४ होतात.

ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे दिसत नसतील तर झाकणाचा आटा चुकलाय किंवा वॉशर गेलाय. पेशंटला काहीच मिळत नाहीये. नळाचं पाणी भरू नका, तेही आपल्याकडचं. स्टराइल पाणी, खुणेपर्यंतच. प्राँग्सचा बाक नाकात खालच्या बाजूला वळलेला हवा. पेशंट तोंडानं श्वास घेतोय म्हणून घाबरून मास्ककडे धावू नका, प्राँग्स तरीही बऱ्यापैकी काम करतात.

सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजनवर नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं साधन) लावून चहाला जाणाऱ्यांनी वरची गोष्ट परत वाचावी. नेब्युलायझर कॉम्प्रेसरच्या हवेवर, सोबत नाकात प्राँग्स. ऑक्सिजनवर चालवायची वेळ आलीच तर सहा मिनिटं, पुढे नाही.

हाय फ्लोवरचे दोन आकडे

हाय फ्लो म्हणजे गरम, ओलसर केलेली हवा आणि ऑक्सिजन नाकातून जोरात देणारं मशीन. कोरोनात ही मशीनं जिल्हाभर पोहोचली, शिकवणारं कोणी पोहोचलं नाही. स्क्रीनवर फ्लो आणि एफआयओटू असे दोन वेगळे आकडे असतात. फ्लो म्हणजे मिनिटाला किती हवा ढकलायची, एफआयओटू म्हणजे त्या हवेत ऑक्सिजन किती टक्के. दुधात पाणी किती आणि एकूण दूध किती, हे दोन प्रश्न वेगळे आहेत तसंच.

नेहमी दिसणारी चूक अशी. पेशंट कुरकुर करतो, "नाकात वारं घुसतंय." मग स्टाफ फ्लो २० वर आणतो, सॅच्युरेशन उतरतं, म्हणून एफआयओटू ९० करतो. धाप लागलेला प्रौढ माणूस श्वास ओढताना मिनिटाला ३०-४० लिटर आणि त्याहूनही जास्त वेगानं ओढतो. तुम्ही २० दिलेत तर बाकीची हवा तो खोलीतून घेणार. मग स्क्रीनवरचे ९० त्याच्या फुप्फुसात पोहोचतच नाहीत, आणि घशातला शिळा कार्बन डायऑक्साइड धुऊन काढण्याचं कामही नीट होत नाही. मी ३० वर सुरू करते, जवळ बसून बोलत राहते आणि सोसवेल तसं काही मिनिटांत ५० च्या आसपास नेते. एफआयओटू सॅच्युरेशन बघून. कमी करताना उलट: आधी एफआयओटू ४० पर्यंत, मग फ्लो पाच-पाचानं. ही पाच मिनिटं बसायला कोणी तयार नसतं, सगळ्यांना बटण दाबून पुढच्या बेडवर जायचं असतं.

मशीनमधून येणाऱ्या हवेचं तापमान ३७ ठेवा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना पेशंट गरम होतंय म्हणणारच. तेव्हा ३४ चालेल, पण गरम करणंच बंद करू नका. कफ वाळून बसला की तो सक्शननंही येत नाही. कॅन्युला, म्हणजे नाकात बसणारी नळी, नाकपुडीच्या निम्म्याहून जाड नको.

आणि हाय फ्लोवर सॅच्युरेशन ९२ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रॉक्स इंडेक्स काढा: सॅच्युरेशनला एफआयओटूनं (६० टक्के म्हणजे ०.६) भागा, आलेल्या उत्तराला श्वासाच्या वेगानं. ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३. श्वास ३० असेल तर ५.१, श्वास ३८ असेल तर ४. सॅच्युरेशन तेच, पेशंट वेगळा. न्यूमोनियाच्या रुग्णांत ४.८८ किंवा जास्त असेल तर श्वासनलिकेत नळी टाकावी लागण्याची शक्यता कमी. त्याखाली घसरत असेल तर रात्र ढकलू नका, डॉक्टरांना उठवा. शेवटी नळी टाकावीच लागलेल्या रुग्णांवरचा कोरियातला एक अभ्यास २०१५ साली आला. ४८ तासांनंतर नळी टाकलेल्यांत मृत्यू जास्त होते.

सिलिंडरचा हिशेब

हाय फ्लो ६० लिटर आणि एफआयओटू ६० टक्के म्हणजे मिनिटाला सुमारे ३० लिटर शुद्ध ऑक्सिजन. सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर चार तासांच्या आत रिकामा. १०० टक्क्यांवर दोन तासही नाही.

अँब्युलन्समधला लहान, बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. १० लिटरनं अडीच तास. प्रेशरचा काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. पंढरपूरहून सोलापूर गाठायला दीड तास धरा, वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागल्या तर जास्त. काटा निघण्याआधी बघायचा, मोहोळ ओलांडल्यावर नाही. नॉबला तेलकट हात लावायचा नाही. आणि सिलिंडरची चावी ड्रायव्हरच्या खिशात नको, सिलिंडरलाच दोरीनं बांधून ठेवा.