जुन्या दफनभूमीची नोंद घेताय? आधी या चुका टाळा

सोलापुरात जुन्या कबरी, समाध्या, चौथरे वाचवायची हौस असलेली माणसं कमी नाहीत. चार मित्र जमतात, रविवारी सकाळी खराटे-बादल्या घेऊन जातात, दुपारपर्यंत जागा चकाचक करतात आणि ग्रुपवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो टाकतात. त्या 'नंतर'च्या फोटोत बऱ्याचदा दगड पांढराशुभ्र असतो आणि अक्षरं मात्र गेलेली असतात. ऊन-पावसाने जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं एका सकाळच्या श्रमदानाने होतं. म्हणून माझं सांगणं असं की, दगडाला हात लावण्याआधी तो लिहून घ्या. पुष्कळ ठिकाणी तेवढंच काम करायचं असतं, घासण्याची गरजच नसते.

न विचारता आत शिरणं

दार उघडं आहे म्हणजे परवानगी आहे असं नाही. कबरस्तान असेल तर मुतवल्ली (तिथली व्यवस्था पाहणारा) किंवा जमातीची मंडळी, ख्रिस्ती दफनभूमी असेल तर पाळक आणि मंडळीची समिती, लिंगायत समाजाची रुद्रभूमी असेल तर समाजाचे पंच. महापालिकेची जागा असेल तर तिथलं कार्यालय. दफनस्थळी कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी तो समोरच्याला कळायला हवा ना! एक साधं पत्र, त्यावर काय करणार आणि काय करणार नाही हे दोन ओळींत, आणि एक सही. राखणदार मामांना मात्र दर वेळी वेगळं विचारायचं. कागदावर सही कुणाचीही असली तरी आतली खरी माहिती त्यांच्याकडेच असते. दफन चालू असेल तर त्या दिवशी परत फिरायचं, मोबाइल खिशातून काढायचासुद्धा नाही.

आधी घासणं, मग वाचणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. आपल्याकडच्या पाट्या मुख्यतः तीन प्रकारच्या: काळा पाषाण, शहाबादी फरशी आणि संगमरवर. काळा पाषाण दणकट. शहाबादी आणि संगमरवर हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, त्यांच्यावर ॲसिड पडलं की फसफसतं. तो फेस म्हणजे मळ निघतोय असं वाटतं, प्रत्यक्षात दगड विरघळत असतो. संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीचिंग पावडर, कपड्यांचा सोडा, यांपैकी काहीही नको. पाषाणाला ॲसिडने फारसं काही होत नाही म्हणून तिथे चालेल असं म्हणणारे भेटतात. पण पाषाणाच्या सांध्यात चुनाच असतो, तो खलास होतो.

शहाबादी फरशीची आणखी एक खोड आहे. हा दगड थरांचा. कर्नाटकातल्या वाडी-शहाबादच्या बाजूने येतो, स्वस्त पडतो, म्हणून आपल्या भागात जिकडेतिकडे वापरलेला. उभा रोवला की पाणी वरून थरांत शिरतं आणि पापुद्रे सुटू लागतात. अशा पाटीवर गाड्या धुण्याच्या पंपाचा फवारा मारला तर पापुद्र्यासकट नाव निघून जातं. बोटाने हलकेच टिचकी मारून पाहा. पोकळ, भद्द आवाज आला तर त्या पाटीला पाणीसुद्धा लावायचं नाही. फक्त फोटो.

टणक दगडावर अक्षर खरंच झाकलेलं असेल तर साधं पाणी, मऊ प्लास्टिकचा ब्रश आणि लाकडाची काडी, बस्स. आधी दगड भिजवायचा, मग खालून वर घासत जायचं, म्हणजे वरचा मळ खाली ओघळून कोरड्या दगडावर डाग धरत नाही. तारेचा ब्रश घरीच ठेवा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या दगडावर गार पाणी ओतणंही टाळा, तडा जाऊ शकतो. आणि दगडफूल? आपल्या काळ्या मसाल्यात पडतं त्याचीच ही भावंडं. दिसायला घाण वाटतं, पण ते खरवडताना दगडाचा वरचा थरही सोबत येतो. अक्षर वाचता येत असेल तर ते राहू द्या.

अक्षरांत खडू, पीठ, राख, शेव्हिंग क्रीम भरून फोटो काढायची युक्ती मोबाइलवर फिरत असते. तीही नको. ऑइलपेंटने अक्षरं गिरवणं तर सर्वांत वाईट, कारण रंगवणारा अंदाजाने गिरवतो आणि पुढे त्याचा अंदाज हाच लेख होऊन बसतो. इंग्रजी 3 चा 8 होतो तो असाच.

अक्षर दिसत नाही? ऊन बदला

समोरून फ्लॅश मारला की दगड सपाट दिसतो. अक्षर दिसतं ते तिरक्या उजेडात. पूर्वेकडे तोंड असलेली पाटी ऊन चढून तिरपं झाल्यावर, पश्चिमेची दुपार उतरू लागल्यावर. पण आपल्याकडे मुस्लिम कबरी दक्षिणोत्तर असतात, डोकं उत्तरेला, चेहरा किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला), म्हणजे पश्चिमेला. त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या पाटीवर वर्षातला बराच काळ थेट ऊन येतच नाही. तिथे साधा आरसा न्या. एकाने उन्हात उभं राहून आरशाने उजेड पाटीवर कडेने सोडायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. दाढीच्या आरशापासून कपाटाच्या आरशापर्यंत काहीही चालतं.

फक्त समोरची बाजू पाहून पुढे जाऊ नका. कडा, पाठ, चौथऱ्याची पायरी, सगळं पाहा. आपल्याच जिल्ह्यातला हत्तरसंग-कुडलचा शके ९४० चा मराठी लेख मंदिराच्या तुळईवर आहे, मान वर केल्याशिवाय दिसायचा नाही.

चुना मारलेल्या कबरींचं गणित वेगळं. मुस्लिमांची शबे-बरात आणि ख्रिस्ती मंडळींचा २ नोव्हेंबर हे मृतांच्या आठवणीचे दिवस, त्यांच्या आधी नातेवाईक येऊन रंग-चुना करतात, तो त्यांचा हक्क आहे. आपण त्याच्या आधीच्या आठवड्यात जायचं.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होणं

साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, शिवाय तारीख आणि ठिकाण यांची आतली माहितीही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा सरळ केबलने उतरवून घ्या. मोबाइलचं लोकेशन पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं आणि दोन कबरींत अंतर असतं दोन मीटर. तेव्हा नुसत्या लोकेशनवर विसंबू नका. वहीत हाताने नकाशा काढा: फाटक, विहीर, मोठं झाड, ओळ पहिली, ओळ दुसरी. प्रत्येक पाटीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पहिल्या फोटोत घ्या, दुसरा फोटो चिठ्ठीशिवाय काढा.

गोल अक्षर म्हणजे कानडी

सोलापूरकराला हे सांगायला नको की इथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. दगडावरही तसंच. पण मराठी वाचणाऱ्याला गोल अक्षर दिसलं की तो नोंदीत 'कन्नड' लिहून मोकळा होतो. पूर्व भागातल्या पद्मशाली मंडळींची तेलुगू पाटीही मग कानडी ठरते. ढोबळ खूण अशी: तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी तिरपी रेघ असते, कानडीची शिरोरेघ आडवी आणि टोकाला वळलेली. तरी खात्री नसेल तर 'लिपी: ?' असं लिहा आणि शेजाऱ्याला दाखवा. ही या गावाची चैनच आहे, वाचणारा दोन घरं सोडून सापडतो.

अंकांनी जास्त फसायला होतं. उर्दूतला नऊ आपल्या देवनागरी एकसारखा दिसतो. उर्दूतला एक म्हणजे नुसती उभी रेघ. शून्य म्हणजे नुसता ठिपका, तो खवला उडाला की सन तीन आकडी होतो. सात आणि आठ एकमेकांचे उलटे, इंग्रजी व्ही आणि उलटा व्ही. कानडी एक आपल्याला शून्य वाटतो. आणि उर्दू पाटीच्या माथ्यावरचा ७८६ हा सन नव्हे! अबजद पद्धतीत अक्षरांना आकडे असतात, बिस्मिल्लाहची ती बेरीज आहे. 'सन ७८६ ची कबर, सोलापुरातली सर्वांत जुनी' अशी बातमी द्यायच्या आधी एवढं लक्षात असू द्या. याच पद्धतीने काही फारसी ओळींत मृत्यूचं साल अक्षरांच्या बेरजेत दडवलेलं असतं. म्हणून सन दिसला नाही तरी ओळ पूर्ण उतरवून घ्यायची.

सन एक, अर्थ तीन

नोंदींतल्या बहुतेक चुका इथेच होतात. समजा पाटीवर 'सन १२९७' एवढंच आहे. हिजरी धरलं तर ते साधारण १८८० येतं. फसली (निजामाच्या राज्यातला महसुली सन) धरलं तर ५९० मिळवायचे, म्हणजे १८८७-८८. शुहूर (मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन) धरलं तर ५९९ मिळवायचे, म्हणजे १८९६-९७. एकाच आकड्याने माणूस सतरा वर्षं पुढे-मागे होतो. दुष्काळानंतरची कबर प्लेगच्या साथीतली ठरते. तुळजापूर-नळदुर्ग भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथून आलेल्या घराण्यांच्या नोंदींत फसलीची शक्यता आधी धरावी.

हिजरीत आणखी एक खड्डा आहे. आज हिजरी आणि इसवी सनात ५७८-५७९ चा फरक आहे, म्हणून लोक जुन्या सनातही तेवढेच मिळवतात. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हा फरक मागे जाताना वाढत जातो. हिजरी १३०० मध्ये ५७८ मिळवले तर १८७८ येतं, खरं साल आहे १८८२-८३. सोपा हिशेब: हिजरी सनाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. एखादं वर्ष इकडेतिकडे होईल, त्यापेक्षा जास्त नाही.

शकाचं सगळ्यांना येतं, ७८ मिळवायचे. पण पौषात जानेवारी उजाडतो. माघ-फाल्गुनातल्या मृत्यूला ७९ मिळवावे लागतात, हे विसरून कित्येक जण वर्षभर आधीच मारले जातात. शकासोबत संवत्सराचं नाव असेल तर ते सोडू नका, कारण पडताळा तिथेच होतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १८२० असेल तर १८३२ ला ६० ने भागून बाकी ३२, बत्तिसावा संवत्सर विलंबी. पाटीवर विलंबी असेल तर आकडा बरोबर वाचलात. दुसरं नाव असेल तर एखादा अंक चुकलाय. हीच नावं, याच क्रमाने, कानडी आणि तेलुगू पाट्यांवरही येतात, तेव्हा पडताळा तिथेही चालतो.

नोंदीत दगडावरचा सन जसाच्या तसा एका रकान्यात आणि तुमचं इसवी सनातलं रूपांतर दुसऱ्या रकान्यात लिहा. नुसतं रूपांतर लिहिलं की मागून कुणाला चूक शोधताच येत नाही.

शुद्धलेखन सुधारणं

मास्तर लोक यात हमखास अडकतात. पाटीवर 'स्मृती'चं 'स्मृति' आहे, 'शोलापूर' आहे, आडनावात वेलांटी उलटी आहे, तर तसंच उतरवा. ओळ जिथे तुटते तिथेच तोडा. गेलेल्या अक्षराच्या जागी चौकोनी कंसात ठिपके द्या, अंदाज असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह. लिंगैक्य, मरहूम, कैलासवासी, 'प्रभूच्या ठायी निजले' हे शब्द गाळू नका. माणूस कुठल्या परंपरेतला, हे पुष्कळदा तेवढ्यावरूनच कळतं. जुनी इंग्रजी कागदपत्रं चाळताना गावाचं स्पेलिंग शोलापूरच्या उच्चाराने शोधा, नाहीतर हाती काही लागणार नाही.

ऐकीव गोष्ट नोंदीत शिरणं

कुणी सांगतं, ही गिरणीच्या गोऱ्या साहेबाची कबर. कुणी सांगतं, प्लेगच्या साथीतली सगळी माणसं इथेच. गोष्ट जरूर लिहा, पण 'सांगितलेली माहिती' या वेगळ्या रकान्यात. सांगणारा साधारण किती वयाचा, त्याचं त्या जागेशी नातं काय, हेही लिहा. सोलापुरातली पहिली कापड गिरणी, म्हणजे 'जुनी गिरणी', १८७७ ची आहे, तेव्हा 'गिरणीचा साहेब' त्याआधीच्या पाटीखाली असू शकत नाही, एवढी तपासणी तरी बसल्या जागी होते.

स्मारक आणि दफनस्थळ यांचीही गल्लत होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातले पुतळे हे त्यांचं स्मारक, समाधी नव्हे. वीरगळही तसाच: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा. तो वीराच्या आठवणीचा दगड, खाली कुणी पुरलेलं असेलच असं नाही.

सिमेंट आणि कुऱ्हाड

चुन्याच्या बांधकामाला सिमेंट भरू नका. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ती दगडातून वाट काढते, क्षार फुलतात आणि दगड भुगा होत जातो. जुना सांधा उघडा राहिला तरी चालेल, पण चुन्याचं काम येणारा गवंडी मिळेपर्यंत थांबा. पालथी पडलेली पाटी चौघांनी मिळून उचलायच्या भानगडीतही पडू नका. शहाबादी फरशी मधोमध मोडते.

पिंपळ-उंबराचं रोप सांध्यातून उपटलं की सांधाच बाहेर येतो. बुडाशी कापायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा कापायचं. वेडी बाभूळ आणि गाजर गवत काढा, पण पेटवू मात्र नका, आगीने पाट्या तडकतात. गवतात हात घालण्याआधी काठी आपटा. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत. चावलंच तर फोटो काढत बसू नका, थेट सिव्हिल गाठा.

सगळंच सगळ्यांना दाखवणं

शंभर वर्षांपूर्वीचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीचं नाव यांत फरक करा. अलीकडच्या मृत्यूंची नोंद यादीपुरती ठेवा. लहान मुलांच्या कबरींचे फोटो, मृत्यूचं कारण, वारसांचे फोन नंबर बाहेर देऊ नका. एखाद्या घराने नोंद काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा.

काम झालं की एक छापील प्रत त्या समितीला, एक एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला, एक तुमच्याकडे. पेनड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका, समितीच्या कपाटात कागदच टिकतो. प्रतीच्या पहिल्या पानावर फेरीची तारीख, वाचणाऱ्यांची नावं आणि कुठल्या ओळी राहून गेल्या ते लिहा, म्हणजे पावसाळ्यानंतर जाणारा तिथूनच पुढे सुरू करील.