रद्दीचे शंकू आणि मोबाइल: प्रतिमान बांधायला शिकवणारा एक प्रयोग

शाळेच्या प्रयोगशाळेत बहुतेक वेळा सूत्र आधीच फळ्यावर असते आणि प्रयोग केवळ ते पडताळण्यापुरता उरतो. प्रतिमान (मॉडेल), म्हणजे घटना समजावणारी गणिती मांडणी, बांधायला शिकवायचे असेल तर हा क्रम बदलावा लागतो, आणि त्यासाठी एक मोबाइल व थोडी रद्दी पुरते.

वर्तमानपत्राच्या कागदाची 10 सेंटिमीटर त्रिज्येची चार वर्तुळे कापावीत, प्रत्येकातील चतुर्थांश भाग काढून कडा चिकटवाव्यात आणि सारखे शंकू करावेत. शंकू एकमेकांत बसवले की वजन दुप्पट, तिप्पट, चौपट होते, पण आकार तोच राहतो.

शंकू सोडण्यापूर्वी मुलांकडून अंदाज वहीत लिहून घ्यावा. ही पायरी कधीही गाळू नये. टोक खाली धरून सोडलेल्या शंकूचा वेग थोड्याच अंतरात स्थिर होतो, कारण तेव्हा हवेचा विरोध वजनाइतका झालेला असतो. हा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, तर चार शंकूंचा वेग एकाच्या चौपट हवा. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल, तर दुप्पट. मुलांनी आपली बाजू निवडावी.

जिन्याजवळ, वारा नसलेल्या जागी, भिंतीवर दर 10 सेंटिमीटरला खूण करून शंकू भिंतीलगत सुमारे 3 मीटरवरून सोडावा. मोबाइल शक्य तितका दूर, मधल्या उंचीवर आणि स्थिर ठेवावा, नाहीतर तिरक्या नजरेमुळे मापे चुकतात. सेकंदाला 30 फ्रेमचे चित्रीकरण पुरेसे असते. लॅपटॉपच्या पडद्यावर पारदर्शक प्लास्टिक लावून दर तिसऱ्या फ्रेमला शंकूच्या टोकावर मार्करने ठिपका द्यावा: वरचे ठिपके दाट असतात, मग अंतर वाढत जाते आणि पुढे ते सारखे होते. हे मुलांना स्वतःच्या बोटाने मोजू द्यावे. ट्रॅकर हे मोफत सॉफ्टवेअर हेच काम करते, पण पहिल्यांदा ठिपकेच बरे.

आता एक ते चार शंकूंसाठी सारख्या झालेल्या ठिपक्यांच्या अंतरावरून स्थिर वेग काढून शंकूंच्या संख्येसमोर एका आलेखात वेग आणि दुसऱ्यात वेगाचा वर्ग मांडावा. दुसऱ्या आलेखातील बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेजवळ येतात. चार शंकूंचा बिंदू थोडा खाली राहिला, तर लगेच ‘मापनातील चूक’ म्हणून तो सोडून देऊ नये. जड शंकूला वेग स्थिर व्हायला जास्त अंतर लागते, आणि हे कारण मुलांनी ठिपक्यांतूनच शोधावे.

संगणक असल्यास स्प्रेडशीटमध्ये दर 0.01 सेकंदाला त्वरण, त्यावरून वेग आणि त्यावरून अंतर काढत जावे, आणि तो वक्र ठिपक्यांवर ठेवून पाहावा. हवेचा विरोध शून्य धरला तर 3 मीटर पडायला 0.78 सेकंद लागतात. विरोध शून्य धरून काढलेला हा वक्रही शेजारी ठेवला की कोणते गृहीतक कुठे मोडते, हे मुलांना आकड्यांत दिसते.