कंपोझिट ट्यूबचं क्रश सिम्युलेशन जुळत नसेल तर आधी सॉफ्ट (SOFT) हा फॅक्टर बघा

एलएस-डायनामध्ये (क्रॅश सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) मॅट ५४ हे कंपोझिटचं मटेरियल मॉडेल वापरून कार्बन फायबरची ट्यूब क्रश करताय आणि पहिल्याच झटक्यात फोर्स इतका चढतो की ट्यूब खालून चुरडायच्या ऐवजी मधेच बकल होते (वाकून दुमडते), तर लगेच कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ कमी करायला जाऊ नका, ती कूपन टेस्टवरून (मटेरियलच्या छोट्या पट्टीची चाचणी) आलीये, ती तशीच राहू द्या. आधी सॉफ्ट बघा. चुरडून डिलीट झालेल्या एलिमेंटच्या (मेशमधला एक छोटा तुकडा) शेजारच्या एलिमेंटची स्ट्रेंग्थ हा फॅक्टर कमी करतो, डिफॉल्ट १ असतो म्हणजे काहीच कमी होत नाही, आणि टीफेल (टाइम-स्टेपवरून एलिमेंट कधी डिलीट करायचा ते ठरवणारा आकडा) शून्यच ठेवला असेल तर हा चालतच नाही (हे बरेच जण विसरतात आणि मग दिवसभर मेशला दोष देत बसतात). सॉफ्ट हळूहळू खाली आणत सरासरी क्रश फोर्स टेस्टशी जुळवा, पीक फोर्सच्या मागे लागू नका, तो ट्रिगरवर (चुरडणं सुरू व्हावं म्हणून मुद्दाम कमकुवत ठेवलेलं टोक) जास्त अवलंबून असतो, त्या ट्रिगरसाठी पहिल्या रांगेतल्या एलिमेंटची जाडी कमी ठेवा.

फोर्सचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा येणारच, कारण एलिमेंटची अख्खी रांग एकदम डिलीट होते. फिल्टर लावा, पण टेस्ट आणि सिम्युलेशन दोन्हीला सेम.

आणि सॉफ्ट हा काही मटेरियलचा गुणधर्म नाही बरं का, चौकोनी ट्यूबवर जुळलेला आकडा गोल ट्यूबला किंवा वेगळ्या मेश साइजला तसाच चिकटवला तर उत्तर भलतंच येईल, तिथे परत कॅलिब्रेट करावंच लागतं.