क्वारंटाइन टँकची तयारी: आधी बॅरल भरा, मग मासे आणा

सोलापुरात क्वारंटाइन टँक, म्हणजे नव्या माशांना चार आठवडे वेगळं ठेवून बघायची टाकी, लावायचा तर आधी घरातले बॅरल मोजा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा साधा टँक वरून दोन-अडीच इंच मोकळा ठेवला तर त्यात साधारण 45 लिटर पाणी बसतं. पहिले दहा दिवस रोज तीस टक्के पाणी बदलायचं म्हटलं की रोजचे 13-14 लिटर झाले. नळ चार-पाच दिवसांआड येत असेल तर एका फेरीला 70 लिटर लागतात, शिवाय एखाद्या दिवशी सगळंच पाणी बदलायची वेळ आली तर आणखी 45. म्हणजे 120 लिटर पाणी फक्त माशांच्या नावावर हवं. पन्नास लिटरचे दोन झाकणाचे बॅरल आणि वर एक-दोन बादल्या, एवढी सोय नसेल तर खरेदी पुढे ढकला. पाहुण्याला बोलावून घरात घागर रिकामी, असं होऊ नये.

बॅरलवर मोठ्या अक्षरात ‘माशांचं पाणी’ लिहून चिकटवा. यात गंमत नाही. घरातलं कोणीतरी त्यात चिमूटभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतं, डासअळ्या शोधत आलेले आरोग्य कर्मचारी अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकून जातात, नाहीतर धुण्याचा मग बुडवला जातो. तोंडाला जुना सोलापुरी टॉवेल घट्ट बांधला की डासही अंडी घालत नाहीत आणि हवाही खेळती राहते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, स्वस्त आणि खात्रीचे. 10 ग्रॅम खडे विरघळवून द्रावण 100 मिलीचं करा. 10 लिटर पाण्याला 1 ते 2 मिली घालून ढवळा. मग कपभर पाणी वेगळं काढून त्यात ओटी टेस्टचा, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचा, थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन अजून आहे. तपासलेलं पाणी गटारात टाका, बॅरलमध्ये परत नको. पाणी आल्या आल्या टीसीएलचा वास जास्त येतो त्या दिवशी तर ही तपासणी चुकवूच नका.

बोअरचं पाणी क्लोरीनमुक्त असतं म्हणून पुष्कळ जण सरळ तेच भरतात. पण इथल्या काळ्या खडकातलं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तोच पुरावा. मासे देणाऱ्याला त्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आधीच विचारून घ्या आणि आरओचं शुद्ध पाणी मिसळून आपल्या टँकचा आकडा त्याच्या आकड्यापासून दोनशे-तीनशेच्या फरकात आणून ठेवा. आरओची दुसरी नळी, जिच्यातून टाकाऊ पाणी जातं, ते मात्र वापरू नका; त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. सिद्धेश्वर तलावातलं किंवा कंबर तलावातलं पाणी, शेवाळ, वनस्पती यांपैकी काहीही या टँकमध्ये नको. अँकर वर्म (माशाच्या अंगात रुतणारे परजीवी) आणि जळवा तशाच घरात येतात.

स्पंज फिल्टरची तयारी सगळ्यात लांबची, म्हणून ती महिनाभर आधी सुरू करा. मोठ्या, निरोगी टँकमध्ये एक जादा स्पंज तीन-चार आठवडे चालवत ठेवा. माशांनी सोडलेला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वस्ती करतात. क्वारंटाइन टँकमध्ये तो मासे येण्याच्या दिवशीच हलवा. रिकाम्या टँकमध्ये आठवडाभर आधी लावला तर खायला काही नसल्याने ते जिवाणू रोडावतात. स्पंज पिळायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धरला की महिन्याची मेहनत मिनिटात वाया.

बाकी सामान थोडकं. तळाला वाळू-दगड नको, काच उघडी ठेवा म्हणजे उरलेला दाणा आणि विष्ठा लगेच दिसते. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन एल्बो. तीन बाजूंनी जुनी चादर लावली की मासे बुजत नाहीत. वर झाकण, कारण नवा मासा उडी मारतोच. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात उतरतं. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप चार्ज करून जवळ ठेवा. जाळी, मग, बादली, सायफनची नळी हे सगळं वेगळं, आणि त्यावर लाल चिकटपट्टी. अमोनिया, नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं बनवतात ते, हेही विषारीच), पीएच यांचे थेंबांचे टेस्ट किट मुदत बघून घ्या. ते खिडकीत तापत ठेवलं तर रंग खोटे दाखवतं.

आता खाणं. पाणी बिघडतं ते मुख्यतः इथूनच, म्हणून याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. पाच-पाच ग्रॅमचे सहा गोल्डफिश, एकूण वजन 30 ग्रॅम. क्वारंटाइनमध्ये दिवसाला वजनाच्या दीड टक्का खाणं पुरे, म्हणजे 0.45 ग्रॅम. खाण्यात चाळीस टक्के प्रोटीन असेल तर 0.18 ग्रॅम प्रोटीन, आणि प्रोटीनच्या सोळा टक्के नायट्रोजन, म्हणजे 29 मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर पडला तरी 45 लिटरमध्ये रोज लिटरमागे सुमारे 0.3 मिलिग्रॅमची भर पडते. स्पंज मुरलेला नसेल आणि नुसतं रोज तीस टक्के पाणी बदललं, तर साठत साठत आकडा एकाच्या आसपास जाऊन थांबतो. हाताने टाकलेली ‘एक चिमूट’ सहज एक ग्रॅम भरते. म्हणजे सगळे आकडे दुप्पट.

एक मिलिग्रॅम कितपत वाईट, हे पीएच आणि उष्णता ठरवतात. 30 अंशांवर पीएच 7 असेल तर त्यातला विषारी भाग टक्क्याहूनही कमी असतो. पीएच 8 झाला की तोच साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. आपलं जड पाणी आठच्या आसपासच असतं आणि एप्रिलमध्ये 30 अंश म्हणजे सकाळ. त्यामुळे थंड गावांसाठी लिहिलेली मापं इथे उतरवू नका. अमोनिया 0.25 दिसला की त्या दिवशी खाणं बंद आणि निम्मं पाणी बदला.

म्हणून चिमटीने खाणं द्यायचं नाही. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळतो. त्यावर सहा दिवसांची मापं तोलून औषधाच्या गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत भरून ठेवा. एक कप्पा रिकामाच ठेवा, तो उपासाचा वार. मग घरातल्या कोणीही खाणं घातलं तरी माप चुकत नाही, आणि ‘घातलं का नाही’ हा वादही मिटतो. दाणा माशाच्या तोंडाला बेतेल असा, लहान माशांना साधारण 1 मिमीचा, बुडणारा घ्या. कप्प्यातलं माप सकाळी आणि संध्याकाळी दोनदा विभागून घाला, दोन मिनिटांत संपायला हवं. दहा मिनिटांनी खाली पडलेले दाणे 4 मिमीच्या हवेच्या नळीने शोषून काढा. खाल्ल्यावर पुढचे काही तास माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून दुरुस्तीसाठी वीज जाणार असा मेसेज आला असेल तर त्याआधी खाणं देऊ नका, आणि मे महिन्यात भर दुपारीही नको. गटारातले ट्युबिफेक्स किडे या टँकला वर्ज्य. फ्रीझरमधले ब्लडवर्म (खाण्यासाठीच्या लाल अळ्या) वीज जाऊन एकदा वितळले असतील तर पुन्हा गोठवून घालू नका.

उन्हाळ्यात शक्यतो मासे आणूच नका. आणलेच, तर टँक पश्चिमेच्या भिंतीला आणि पत्र्याखाली नको. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडला की आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हा उपाय तितका चालत नाही. पंख्याने पाणी उडून जातं, पण क्षार मागेच राहतात. घटलेली भर आरओच्या पाण्याने करा, आणि मीठ घातलं असेल तर या भरीसाठी पुन्हा घालू नका. ते फक्त सायफनने काढलेल्या पाण्यापुरतंच. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडून टँक भरणं म्हणजे मासे उकडणं. संक्रांतीला गड्डा यात्रेच्या दिवसांत उलट रात्रीचा गारठा असतो, तेव्हा 50 वॅटचा हीटर आणि थर्मामीटर तपासून लावा.

मासे येण्याच्या सकाळी खडे मीठ तोलून ठेवा: लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 45 ग्रॅम. नायट्राइट चढला तर घालायचं ते; मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. टँकमध्ये कोरिडोरस किंवा लोच (तळाशी राहणारे, मीठ कमी सोसणारे मासे) असतील तर मीठ निम्म्यावर आणा आणि लक्ष ठेवा. मुंबई-चेन्नईकडून रात्रभर प्रवास करून आलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून आतला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. तेव्हा लांबून आलेल्या माशांना तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. टीडीएस आधीच जुळवून ठेवायचा तो याचसाठी. पिशवी उघडा, मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. त्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी अर्धं माप, खाल्लं तर तिसऱ्या दिवसापासून पूर्ण.

टँकशेजारी एक वही दोऱ्याने टांगा. सकाळी खाणं घालण्याआधी तापमान, अमोनिया, नायट्राइट, बदललेलं पाणी आणि कालचं खाणं संपलं का, एवढंच लिहा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा, काचेला अंग घासणं, मिटलेले पंख दिसले तर तारखेसह नोंद करा. औषध मात्र आजार दिसल्यावरच. मिथिलिन ब्लूसारखं औषध स्पंजमधल्या जिवाणूंनाही मारतं, म्हणून ते घालायचं तर खाणं निम्मं करा, पाण्याचा साठा आधी वाढवा आणि मोठ्या टँकमध्ये दुसरा स्पंज मुरत ठेवलेला असू द्या.

चार आठवडे पूर्ण होऊ द्या, मासे पहिल्याच आठवड्यात टवटवीत दिसले तरी. आजार निघाला तर तो गेल्याच्या दिवसापासून पुन्हा मोजा. मासे हलवल्यावर टँक, जाळी, पाइप टीसीएलच्या पाण्याने धुऊन, खळखळून विसळून दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवा. आजार झालेल्या टँकमधला स्पंज मोठ्या टँकमध्ये परत नेऊ नका, टाकून द्या.