नाक बंद करून तेल: संध्याकाळची भूक आवरण्याची रीत

आमच्या वडगावात संध्याकाळी कुणाच्याही घरी जा, चहाबरोबर चिरमुऱ्यांचं ताट पुढे येतंच. माझं दुखणं जेवणाचं नव्हतंच, या साडेपाचच्या भुकेचं होतं. रोज चमचाभर बिनचवीचं तेल नाक बंद करून गिळायला लागले, तशी ती आटोक्यात आली. सेथ रॉबर्ट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून ही कल्पना मांडली आणि २००६ साली ती पुस्तकातून लोकांपुढे आली. चव आणि कॅलरी यांची मेंदू सांगड घालतो, त्यातून भूक चढते. चवीविना कॅलरी पोटात गेल्या की भूक उतरते, असं त्यांचं म्हणणं. हे डॉक्टरी औषध नव्हे. मला लागू पडलं, तुम्हाला पडेल की नाही ते करून बघितल्यावरच कळेल.

पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या, गरोदरपण, किंवा खाण्याशी पूर्वीपासून भांडण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचा उचलू नका. लहान मुलांना तर नकोच.

तेल रिफाईंड सूर्यफुलाचं, नवीन पाकिटातलं. "घाण्याचंच घ्या, ते शुद्ध" हा सल्ला मलाही मिळाला. "गाणद एण्णी तगोळ्री, अक्का," (घाण्याचं तेल घ्या, ताई) असं कानडीत म्हणत दुकानदाराने बाटली हातात ठेवली आणि पहिले पंधरा दिवस मी शेंगांचं तेल प्याले. भाकरीवरच्या चटणीला तेच उत्तम, पण इथे त्याचा खमंग वासच घात करतो. तोंडाला पाणी सुटायचं आणि मी नेहमीपेक्षा एक भाकरी जास्तच खायची. त्यात लिंबू, मध, मीठ घालायला सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. चव आली की सगळं मुसळ केरात.

वेळ साधी: आधी एक तास आणि नंतर एक तास तोंडात पाण्याशिवाय काही नाही. बडीशेप, वेलची, दात घासायची पेस्टसुद्धा नाही. मी दुपारी साडेतीनला घेते, म्हणजे साडेचारचा चहा चुकत नाही.

आता नाक. माझे दोन महिने इथेच वाया गेले. लोक नाक दाबतात, तेल गिळतात आणि लगेच सोडतात. मीही तेच करायची. पण चव म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातला मोठा भाग जिभेवर नसतो, वास असतो. गिळल्यावर श्वास बाहेर पडताना तो घशाच्या मागून नाकात चढतो. तेलाचा पातळ थर घशाला चिकटलेला असताना नाक मोकळं केलंत, की वास पोचलाच. केलेलं सगळं फुकट.

म्हणून असं करा. दोरीवर कपडे लावायचा लाकडी चिमटा घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना सुती चिंधी गुंडाळा. हाडाखाली नाक जिथे मऊ लागतं तिथे लावा, हाडावर लावलात तर दुखेल आणि हवाही आत जाईल. ताठ बसा. तोंडाने दोन श्वास घ्या, मग श्वास रोखून तेल एकदम गिळा. चिमटा तसाच ठेवून कोमट पाण्याचे चार-पाच घोट एकेक करून प्या. गार पाण्याने तेल निघत नाही. ओठ पुसा, ओठांवरच्या तेलाचाही वास येतो. दोन मिनिटं घड्याळात मोजा आणि मगच चिमटा काढा. काढल्यावर पहिल्या श्वासात काहीच जाणवलं नाही, तर जमलं.

एक कळकळीची सूचना: सर्दी-खोकला असताना किंवा आडवं पडून हे करू नका, आणि तेल तोंडात असताना कुणाशी बोलू नका. मी एकदा दारावर आलेल्या भाजीवालीला "थांब गं" म्हणायला गेले आणि ठसका लागला. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. त्या दिवसापासून मी दाराला कडी लावून बसते.

पहिले चार दिवस लहान चमचा, ५ मिली. पोट बिघडलं नाही तर मोठा चमचा, १५ मिली. त्यात सुमारे १२० कॅलरी असतात, तेवढं फोडणीचं तेल कमी करा. त्यापुढे वाढवू नका.

दोन-तीन आठवडे द्या. मला फरक आधी ताटात दिसला: दुसरी भाकरी अर्धी मोडली आणि उरलेला तुकडा तसाच राहिला, हात पुढे गेलाच नाही. असं झालं की ताट आवरा. घरातलं कुणी आग्रहाने वाढायला आलं तर ताटावर हात आडवा धरा.

लग्नकार्यात किंवा घरी कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) आला असेल त्या दिवशी तेल घेऊ नका, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला घ्या. पाकीट फोडलं की तेल काचेच्या बाटलीत ओतून अंधारात ठेवा आणि दर आठवड्याला हुंगून बघा. जरासा जरी वास लागला, तरी ते तेल फोडणीला वापरा आणि चमच्यासाठी नवं पाकीट आणा.