प्रोबेत्साइटमध्ये (नोकरीच्या सुरुवातीच्या चाचणी काळात) काढलं आणि जॉइनिंग बोनस परत मागितला, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा

जर्मनीत नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी लिहितेय. आन्मेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), बँक अकाउंट, हेल्थ इन्शुरन्स हे सगळं कोणीही सांगतं आणि ते होऊनही जातं. मला बोलायचंय बोनसबद्दल, कारण गेल्या महिन्यात पुन्हा एका मुलीचा रात्री साडेअकराला फोन आला, "ताई, कंपनीने काढलं आणि वर सात हजार युरो परत मागतायत, बाबांना एफडी मोडायला सांगू का?" आवाज इतका बारीक झाला होता तिचा की मला माझीच ती रात्र आठवली.

मी सप्टेंबर २०१६ मध्ये श्टुटगार्टला आले. कॉन्ट्रॅक्टमध्ये ६००० युरो जॉइनिंग बोनस होता, पहिल्याच पगारात आला. ब्रुटो ६०००, टॅक्स आणि बाकी सगळं कापून हातात ३४०० च्या आसपास. ते घराच्या डिपॉझिटमध्ये आणि किचनमध्ये गेले, इथे बरीच घरं ओट्याशिवायच देतात हे मला कुठे माहीत होतं. जानेवारीच्या शेवटी एका दुपारी चार वाजता एचआरने बोलावलं, टेबलावर पांढरं पाकीट, आत एक पान. कारण काहीच लिहिलेलं नाही, फक्त दोन आठवड्यांनी तुमची नोकरी संपते एवढंच. त्यानंतर आठवड्याने दुसरं पत्र आलं की १२ महिन्यांच्या आत नोकरी संपली म्हणून पूर्ण ६००० युरो १४ दिवसांत भरा. मी कोणालाही विचारलं नाही. भावाकडून पैसे मागवले आणि बाराव्या दिवशी ट्रान्सफर केले. हातात आले ३४००, परत दिले ६०००.

ते पैसे बहुधा मला द्यायचेच नव्हते, हे मला दीड वर्षाने कळलं.

आता नीट ऐका. प्रोबेत्साइट जास्तीत जास्त ६ महिन्यांची, त्यात दोन्ही बाजूंना २ आठवड्यांची नोटीस पुरते आणि कंपनीला कारण द्यावं लागत नाही. त्यामुळे नोकरी गेली याविरुद्ध भांडून फारसं हाती लागत नाही. (गरोदर असाल तर गोष्ट पूर्ण वेगळी, प्रोबेत्साइटमध्येही संरक्षण आहे, नोटीस मिळाल्यापासून २ आठवड्यांच्या आत कंपनीला कळवा आणि ३ आठवड्यांच्या आत कोर्टात जा.) पण नोकरी जाणं आणि बोनस परत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपले लोक इथेच फसतात. नोकरी गेली म्हणजे बोनसही गेला असं धरूनच चालतात.

कंपनीने सगळ्यांसाठी छापलेलं कॉन्ट्रॅक्ट असेल, म्हणजे जे आपण बदलून घेतलेलं नसतं, तर त्यातल्या अटी वाजवी आहेत का हे इथलं लेबर कोर्ट तपासतं. "नोकरी कोणत्याही कारणाने संपली तरी बोनस परत" असं सरसकट लिहिलं असेल तर ते कलम बहुतेक वेळा टिकत नाही, कारण तुम्ही राहायला तयार होतात आणि कंपनीनेच तुम्हाला काढलं, त्यात तुमच्या हातात काय होतं? आणि कोर्ट अशी अट दुरुस्त करून अर्धी वगैरे ठेवत नाही, अख्खं कलमच बाद होतं. उलट तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात, किंवा तुमच्या गंभीर चुकीमुळे काढलं, आणि कलमात तसा फरक स्पष्ट केलेला असेल, तर पैसे द्यावे लागू शकतात. म्हणून राग आला तरी स्वतः राजीनामा देऊ नका. "आपण समजुतीने संपवू" म्हणून आउफहेबुंग्सफरट्राग (दोघांच्या संमतीने नोकरी संपवायचा करार) पुढे केला तर त्यावर तिथल्या तिथे सही अजिबात करू नका, घरी आणा. त्यात बोनस परत करायचं कबूल केल्याचं एक वाक्य आत कुठेतरी असू शकतं.

आणि नोटीस ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर आली तर ती नोटीसच नाही, कागदावर शाईची सही लागते. पाकीट घेताना "मिळालं" एवढीच सही, तारखेसकट. "मान्य" असं कुठे लिहिलंय का ते बघा.

पत्र आलं की पैसे नाही, उत्तर पाठवायचं. मागणी मान्य नाही, कोणत्या कलमाच्या आधारावर मागताय ते लेखी कळवा, एवढं दोन ओळींत. पोस्टाने आइनश्राइबनने (रजिस्टर्ड) पाठवा आणि पावती जपून ठेवा. मग लेबर लॉ बघणाऱ्या वकिलाकडे एकदा जा, पहिल्या सल्ल्याचे किती घेणार ते आधी विचारा. एक मात्र लक्षात ठेवा, लेबर कोर्टात पहिल्या पातळीवर जिंकलात तरी स्वतःच्या वकिलाचे पैसे स्वतःच भरायचे असतात. त्यासाठी लीगल इन्शुरन्स आल्या आल्याच घ्या, नोकरीच्या भांडणांसाठी साधारण ३ महिने वेटिंग असतं, पत्र आल्यावर घेऊन उपयोग नाही.

कंपनी शेवटच्या पगारातून परस्पर कापायला बघते. पूर्ण पगार त्यांना कापता येत नाही, जगण्यापुरता भाग कायद्याने सुरक्षित आहे. जुलै २०२५ ते जून २०२६ साठी एकट्या माणसाची ही मूळ रक्कम महिन्याला १५५५ युरो नेटो (कापून हातात येणाऱ्यातले) ठरवलेली आहे, बायकोमुलं तुमच्यावर अवलंबून असतील तर जास्त. कापलेच असतील तर लगेच लेखी हरकत घ्या, कारण बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये ३ महिन्यांत मागितलं नाही तर हक्क संपतो असं कलम असतं.

समजा वकीलच म्हणाला की द्यावे लागतील. मग त्याच कॅलेंडर वर्षात देताय का पुढच्या, हे बघा. त्याच वर्षात असेल तर कंपनीला पेरोलमधून हिशोब दुरुस्त करायला सांगा. वर्ष ओलांडलं की ब्रुटो द्यावे लागतात आणि जास्तीचा टॅक्स तुम्हाला रिटर्नमध्ये मागावा लागतो, उणे उत्पन्न म्हणून. मला फिनान्सआम्टकडून (टॅक्स ऑफिस) काही भाग परत मिळाला, पण तोपर्यंत पैसे देऊन दीड वर्ष झालं होतं आणि भावाने त्याच्या लग्नाच्या हॉलचं बुकिंग पुढे ढकललं होतं. ते मला अजून लागतं.

व्हिसाचं सांगते, कारण भीतीचं मूळ तिथेच आहे. नोकरी जाणार हे कळल्यापासून २ आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांचं ऑफिस) स्वतः कळवा आणि ३ दिवसांत आर्बाइट्सआगेन्टूरकडे (रोजगार कार्यालय) नाव नोंदवा, बेकारी भत्ता मिळणार नसला तरी (बेकारी विम्याचे १२ महिने भरलेले नसतील तर तो मिळत नाही). ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना असलेल्यांना) नवीन नोकरी शोधायला साधारण ३ महिने देतात. पण बोनसच्या वादाचा परवान्याशी काहीही संबंध नाही. ऑफिसातली बाई पगार, कॉन्ट्रॅक्ट, पासपोर्ट बघते, जुन्या कंपनीला तुम्ही पैसे दिले का हे विचारत नाही.

आपल्या ग्रुपवर मात्र लगेच उत्तरं येतात, "देऊन टाक रे, परदेशात कशाला वाकडं घ्यायचं." हे सांगणाऱ्यांमध्ये दहा-दहा वर्षं इथे राहिलेले असतात आणि त्यांच्यावर ही वेळ कधी आलेली नसते. आपण हिंजवडीतून बाँड आणि रिलीव्हिंग लेटरची धास्ती घेऊन येतो, कंपनीने कागद अडवला तर पुढची नोकरी गेली असं डोक्यात बसलेलं असतं. इथे त्सोयग्निस (कामाचं प्रमाणपत्र) मिळणं हा तुमचा हक्क आहे, पैशांच्या वादासाठी ते अडवता येत नाही. आणि जर्मन माणूस पत्र पाठवतो तेव्हा तुम्ही उलट पत्र पाठवाल हे त्याने धरलेलं असतं. त्याला त्यात उद्धटपणा वाटत नाही, आपल्यालाच तसं वाटतं.

त्या मुलीला मी म्हटलं, बाबांना आज काही सांगू नकोस, आधी कॉन्ट्रॅक्टचं ते पान मला पाठव. कलम होतं दोन ओळींचं, "कारण काहीही असो" हे शब्द स्वच्छ छापलेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं, तिने पोस्टात जाऊन आइनश्राइबन केलं आणि पावतीचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं की मागणी मागे घेत आहोत. एफडी आहे तशीच आहे.